अर्पण तिथंच ठेव

७ जून

प्रिय आत्या,

इथे आम्ही बरे आहोत, तूही बरी असशील, हे एकदाचं लिहून मोकळा होतो आणि मुद्द्यावर येतो. तुला पाल्हाळ आवडत नाही आणि मला अजून तुझी भीती वाटते.

तुमच्या मंडळीच्या सेक्रेटरीसाहेबांचं पत्र आलं. परवाच्या रविवारी प्रभुभोजनाच्या भाकरीसाठी तू बेकरीतला पाव दिला नाहीस म्हणे. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. आयत्या वेळी कोणीतरी दुकानातून प्लास्टिकच्या पिशवीतला कापलेला पाव आणला आणि पाहुणे पाळक तो मोडायला गेले तर त्याच्या कडाच हातात आल्या. खरं सांगतो, वाचून आधी हसू आलं. वाईट नंतर वाटलं.

कारण त्यांनी लिहिलंय ते असं. मे महिन्यात चर्चच्या फाटकापाशी एक ट्रक ड्रायव्हर छातीत कळ येऊन पडला आणि तिथंच गेला. कोण, कुठला, कोणत्या धर्माचा, काही कळलं नाही. आपल्या घंटामावशीने, जी पंचवीस वर्षं चर्च झाडते आणि घंटा वाजवते तिने, त्याच्यासाठी मरणाची घंटा वाजवली. ती घंटा फक्त नोंदलेल्या सभासदांसाठी, असा नियम आहे. मंडळीच्या पंचांनी तिला विचारलं, तर 'चुकलं' म्हणायला ती तयार नाही. म्हणून तिला कामावरून काढलं आणि प्रभुभोजनापासूनही दूर ठेवलं. त्यावरून तू पाव बंद केलास.

आत्या, मला घंटामावशीचं वाईट वाटतं. पण मंडळीचंही जो ऐकत नाही त्याला परका आणि जकातदार समजा, असं मत्तयच्या अठराव्या अध्यायात प्रभूनेच सांगितलंय. पंचांनी तेवढंच केलं. आणि भाकर काही तुझी नाही, ती प्रभूची. घंटेचा राग भाकरीवर काढणं बरं नव्हे. जुलैच्या पहिल्या रविवारी तरी दे. माझ्यासाठी दे.

तुझा,
पोपट


१२ जून

पोपटा,

सहा वर्षांचा असताना तू टेबलावर उभा राहून अख्खी स्तोत्रं घडाघडा म्हणायचास, म्हणून तुझं नाव पोपट पडलं. मला वाटलं होतं, दीक्षा झाली, गळ्यात पांढरी पट्टी आली, की पोपटपंची थांबेल. कसचं काय.

जकातदार समजा म्हणे. बरं, समजू. मग प्रभूने जकातदारांना कसं वागवलं रे? त्यांच्या घरी जाऊन जेवला. आणि हे लिहून ठेवणारा मत्तय स्वतः कोण होता? जकात नाक्यावरून उठून आलेला. तेव्हा जकातदाराला ताटावरून उठवा असं कुठे लिहिलंय ते मला दाखव. मी चष्मा पुसून बसते.

आता पावाचं. आपल्या घरची रीत तू विसरलेला दिसतोस. प्रभुभोजनाचा पाव एकट्याने मळायचा नाही. शनिवारी सकाळी एकाने मळायचं आणि दुसऱ्याने रविवारचा उतारा मोठ्याने वाचायचा. मळणाऱ्याचे हात पिठात, मग पान उलटायला दुसरं माणूस नको? तुझे आजोबा म्हणायचे, एकट्याने मळलेला पाव दुकानात विका, प्रभूच्या टेबलावर नेऊ नका. तुझा बाप होता तोवर तो वाचायचा. तो गेला त्याला सात वर्षं झाली. तेव्हापासून घंटावाली येऊन वाचते. अडखळते, पण 'थांब, हे परत वाच' म्हटलं की तोंड वाकडं करत नाही. तिला तुम्ही हाकललंत. आता वाचणार कोण, भिंत?

त्या ड्रायव्हरला तिने पाणी पाजलं, डोकं मांडीवर घेतलं. मला म्हणाली, 'नाव विचारायला वेळच मिळाला नाही. नाव ठाऊक नाही म्हणून काय तो मेलाच नाही?' याला उत्तर असेल तर पंचांना विचारून कळव.

भाकर न देण्याचं म्हणशील, तर तेही पुस्तकातच आहे. मे संपता संपता शनिवारी मी पीठ घेतलं आणि आपलं आपणच पुस्तक उघडलं. मत्तय पाचवा. अर्पण घेऊन वेदीपाशी आलास आणि तिथं आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जा, समेट कर, मग ये. मी पुस्तक मिटलं, पिठावर फडकं टाकलं. पंचांनी आधी उठावं, तिच्या खोलीवर जावं, 'बाई, चुकलो' म्हणावं. त्याच दुपारी पाव भाजून देते. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही, हे मला भट्टीने शिकवलंय.

सेक्रेटरीसाहेबांना कळव, म्हातारी हेकट आहे. त्यांना माहीत आहे, पण तुझ्याकडून ऐकलं की बरं वाटेल.

आत्या


१९ जून

प्रिय आत्या,

जकातदाराचं तुझं म्हणणं बिनतोड आहे. गेल्या रविवारी उपदेशात मी ते वापरलं, तुझं नाव न घेता. लोकांना फार आवडलं. पोपट तो पोपटच.

पण पाचवा अध्याय मी परत वाचला. चार दिवस तोच वाचतोय. आत्या, त्यात पंच कुठे आहेत? अर्पण कोणाच्या हातात आहे ते बघ. जो अर्पण घेऊन निघालाय, त्यालाच प्रभू बोलतो. पंच काहीच घेऊन निघालेले नाहीत. भाकर तू नेतेस. शिवाय तुझ्या मनात कोणाविषयी राग असेल तर, असं तिथं म्हटलेलंच नाही. दुसऱ्याच्या मनात तुझ्याविषयी काही असेल तर, असं आहे. पंचांवरचा तुझा राग मला समजतो. पण त्या वचनाला तुझ्या रागाशी काही घेणं नाही.

म्हणून विचारतो. घंटामावशीच्या मनात तुझ्याविषयी काही आहे का? सेक्रेटरी लिहितात की तिला काढायचा ठराव एकमताने झाला. 'कोणाचा विरोध असेल तर उभं राहा' असं सभेत विचारलं होतं. तू उभी राहिली होतीस का?

तुझा,
पोपट


२३ जून

मान्यवर पाळकसाहेब यांस,

आपलं पत्र पोचलं. आपण चार दिवस वचन वाचलंत, आमचे डोळे दिपले.

काल सेक्रेटरीसाहेब दुकानात आले होते. हल्ली पाव घेताना माझ्या तोंडाकडे बघत नाहीत, पण काल बघितलं. म्हणाले, 'तुमचा भाचा आमचा पाळक म्हणून यायचं जवळजवळ ठरलंय. तेवढं तुमचं प्रकरण त्यांनी मिटवलं की पंचांच्या सह्या झाल्याच समजा.' मी हातातला पाव तसाच धरून उभी राहिले. 'माझ्यासाठी दे' असं पहिल्या पत्रात का लिहिलंत ते तेव्हा उमगलं.

मी सभेत उभी राहिले की नाही हे विचारण्याआधी आपण कुठे बसायच्या तयारीत आहात ते सांगायचं होतं. इथे वचन कोण सांगतंय आणि सौदा कोण करतंय, माझं मलाच कळेना.

गुडघे दुखत होते, म्हणून उभी राहिले नाही. झालं समाधान?

आपली,
बेकरीवाली


१ जुलै

आत्या,

खरं आहे. मार्चपासून त्यांच्याशी पत्रव्यवहार चाललाय आणि मी तुझ्यापासून लपवलं. सबब नाही, कारण सांगतो. इथे आमची मंडळी म्हणजे अठरा माणसं. शाळेच्या जेवणाच्या हॉलमध्ये उपासना करतो, आधी टेबलं पुसतो आणि नंतर पुन्हा लावून ठेवतो. मला त्याची लाज वाटत नाही. पण तुमच्या चर्चमध्ये बाबा मागून तिसऱ्या बाकावर बसायचे. एक दिवस त्या बाकाकडे बघत उपदेश करायचा, हे मी शाळेत असल्यापासून मनात धरलंय. जागा रिकामी झाली आणि मला हाव सुटली. तुला पत्र लिहिलं ते त्या हावेपायी. माफ कर.

पण माझी हाव आणि वचनाचा अर्थ एकाच पाकिटातून आले, म्हणून वचन खोटं ठरत नाही. तू माझ्यावर चिडलीस, ठीक आहे. प्रश्न तिथंच आहे.

तुझ्या गुडघ्यांवर माझा विश्वास नाही. तू रोज सहा तास भट्टीपुढे उभी असतेस.

पोपट


२२ जुलै

पोपटा,

तीन आठवडे तुला शिव्या घालत होते. घालून संपल्या. जुलैच्या प्रभुभोजनालाही दुकानातलाच पाव गेला.

आता ऐक, आणि वाचताना मध्येच 'मी म्हटलंच होतं' असं म्हणू नकोस.

माझं भिंतीवरचं घड्याळ पीठ जाऊन केव्हाच बंद पडलंय. दुसरी खेप भट्टीत सारते आणि सातच्या घंटेला बाहेर काढते. पंचवीस वर्षं घंटावाली एक मिनिट इकडची तिकडे झाली नाही, त्यामुळे नवं घड्याळ घ्यायचं कधी सुचलंच नाही. त्या दिवशी मळायचं यंत्र घरघरत होतं. घंटेचा पहिला ठोका कानावर आला आणि हात आपोआप भट्टीकडे गेले. अख्खी खेप बाहेर. वरून तांबूस, आत कच्चा गोळा. यंत्र बंद केलं तेव्हा लांबलांब ठोके ऐकू आले आणि कळलं की सात वाजायला अजून वेळ आहे, ही मरणाची घंटा आहे.

कोण गेलं हे मी विचारलंसुद्धा नाही. माझे पाव गेले एवढंच दिसलं. तशीच पिठाच्या हातांनी सेक्रेटरींच्या घरी गेले, दार बडवलं, म्हटलं, 'तुमची बाई भलत्या वेळी कोणासाठी घंटा बडवते ते विचारा जरा तिला.' ते साखरझोपेतून उठून आले होते. त्यांना कशाचा पत्ता नव्हता. मी गेले नसते तर कोणी विचारलंही नसतं. लावालावी मी केली रे. सभेत उभी राहिले असते तर तक्रार मुळात कोणाची हे निघालं असतं. म्हणून गुडघे.

मग पंचांच्या नावाने बोटं मोडत बसले. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ काढायला निघाले, आणि माझ्या डोळ्यातल्या मुसळावर चष्मा घालून पुस्तक वाचत होते. त्या शनिवारी ते वचन वाचून पीठ झाकलं ते तिच्यासाठी नव्हे. मला मळवेना.

परवा गेले तिच्या खोलीवर. ती आता लोकांच्या कपड्यांना इस्त्री करते. खोलीत सगळीकडे शर्ट टांगलेले, बसायला जागा नाही. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. इस्त्री न थांबवता म्हणाली, 'मला ठाऊक आहे.'

'कोणी सांगितलं?'

'समज द्यायला मला सेक्रेटरींकडे बोलावलं, तेव्हा त्यांच्या निळ्या दारावर पिठाची पाच बोटं उमटलेली होती. या गल्लीत एवढं पीठ कोणाच्या हाताला असतं?'

'मग बोलली का नाहीस इतके दिवस?'

'तू कधी बोलतेस ते बघत होते.'

मी म्हटलं, माफ कर. तिने कॉलर उलटी केली, त्यावरून इस्त्री फिरवली आणि म्हणाली, 'मला काढलं ते भरल्या चर्चमध्ये, नाव वाचून. माफी मात्र इथे, शर्टांच्या मागे. हे बरंय.' मला राग आला. घरी येऊन भांडी आपटली. पण तिचं बरोबर आहे.

३ ऑगस्टला पाव येतोय, असं सेक्रेटरींना कळवलंय. ते खूश आहेत. बाकीचं कळवलेलं नाही.

आत्या


१४ ऑगस्ट

पोपटा,

सेक्रेटरींचं पत्र तुझ्याकडे आलंच असेल. आता माझ्याकडून ऐक.

शनिवारी ती वाचायला आली नाही. मीही बोलावलं नाही, तोंड कुठे होतं? पुस्तक डब्याला टेकून उभं केलं, पिठाच्याच बोटांनी पानं उलटली आणि मळलं. मत्तयची दोन पानं आता कायमची चिकटली आहेत.

रविवारी पाहुण्या पाळकांनी भाकर आणायची खूण केली, तशी मी पुढे गेले. पण त्यांच्या हातात दिली नाही. लोकांकडे वळले. गुडघे दुखत होते, या वेळी खरंच. म्हटलं, 'घंटावालीची तक्रार मी केली होती. माणूस मेला होता आणि मी पावासाठी भांडायला गेले होते. तिने केलं ते शुभवर्तमानात बसतं, मी केलं ते बसत नाही, आणि तुम्ही केलंत तेही बसत नाही. तुमचं तुम्ही बघा. माझं मी बोलले.'

सेक्रेटरी उठले. 'बाई, ही वेळ नव्हे.'

'हीच वेळ लिहिली आहे. पाचवा अध्याय काढा.'

भाकर टेबलापुढे जमिनीवर ठेवली आणि मधल्या वाटेने बाहेर आले. माझ्या चपला एवढ्या वाजतात हे मला माहीत नव्हतं.

ती खिडकीबाहेर उभी होती, हातात इस्त्रीच्या कपड्यांचं गाठोडं. प्रभुभोजनाला आत यायची बंदी, म्हणून बाहेरून ऐकत होती. विचारलं, 'ऐकलंस?'

'ऐकलं.'

'मग माफ केलंस?'

'पुढच्या वेळी वाचायला येईन,' म्हणाली. 'माफीचं बघू. घाई काय आहे?'

पाहुणे पाळक शहाणे निघाले. भाकरीला हात न लावता त्यांनी आशीर्वाद देऊन उपासना संपवली. पंच मात्र आठवड्याने कागद घेऊन आले. तिने लिहून द्यायचं की घंटा वाजवणं ही चूक होती, आणि मी लिहून द्यायचं की उपासनेत बोलणं ही चूक होती. मग दोघींना परत घेऊ. तिने कागद इस्त्रीच्या टेबलावर सपाट केला आणि खाली लिहिलं, 'उद्या परत फाटकापाशी कोणी मेला तर परत वाजवीन.' चार ठिकाणी शुद्धलेखनाच्या चुका आहेत, पण वाचता येतं. त्याखाली मी माझी सही ठोकली.

तेव्हा आता मीही बाहेर. एकसष्ट वर्षांची झाले, प्रभुभोजनातून उठवलेली पहिल्यांदाच. झोंबलं रे. घरी येऊन रडले, खोटं कशाला सांगू. दुसऱ्या दिवशी दोघा-तिघांनी माझ्याकडून पाव घेणंही सोडलं. पण सही मागे घेणार नाही.

माझ्यामुळे तुझा तिसरा बाक गेला, तर वाईट वाटेल. माफी मात्र मागणार नाही. यंदाचा साठा संपला.

आत्या


२६ ऑगस्ट

प्रिय आत्या,

बाक गेला. वाईट वाटून घेऊ नकोस, मी हाताने घालवला.

सेक्रेटरींनी नेमणुकीचा कागद पाठवला होता, सह्यांसकट. सोबत एक अट होती. आल्याबरोबर पहिल्या उपासनेत मी तुम्हा दोघींची नावं वाचायची आणि लेखी माफी येईपर्यंत तुम्हाला प्रभुभोजनाबाहेर जाहीर करायचं. दोन दिवस कागद टेबलावर होता. मी त्याच्याभोवती फिरत होतो. बाबांचा बाक डोळ्यांपुढे यायचा, आणि एकदा मी पेनचं टोपणही काढलं, हे तुला सांगायलाच हवं.

मग उत्तर लिहिलं. वाटेत अर्धमेला पडलेल्या त्या माणसाची गोष्ट प्रभूने सांगितली तेव्हा त्याचंही नाव सांगितलं नाही. याजक बघून पुढे गेला, देवळाचा सेवक लेवी बघून पुढे गेला. परजातीचा शोमरोनी माणूस थांबला, आणि हा कुठल्या मंडळीचा, असं त्याने विचारलं नाही. तुमच्या फाटकापाशी तीच गोष्ट घडली आणि जी थांबली तिला तुम्ही काढलंत. मी पुढे जाणाऱ्यांच्या रांगेत उभा राहणार नाही. दोन ओळींत उत्तर आलं. दुसरा पाळक मिळाला आहे. आमच्या वरिष्ठांकडेही त्यांनी माझी तक्रार पाठवली.

आता पुढचं. ७ सप्टेंबरच्या रविवारी इथली उपासना आमच्यातला एक मास्तर घेईल. मी शनिवारीच येतोय. मला दीक्षा मिळालेली आहे, प्रभुभोजन चालवायचा अधिकार आहे. ते चर्चमध्येच चालवा, असं मी तरी कुठे वाचलेलं नाही. तुझ्या बेकरीतलं मोठं टेबल चालेल. वरिष्ठांनी आधीच बजावलंय, असं काही केलंस तर चौकशी लागेल, कदाचित दीक्षाही जाईल. जाऊ दे. गेलीच तर मला पाव भाजायला शिकव. शिकवताना मारू नकोस.

पण आधी मी तुझ्याकडे येणार नाही. आधी तिच्या खोलीवर जाणार. तिच्याविषयी मी एवढी पत्रं लिहिली, तिला एक ओळ लिहिली नाही. तिच्या मनात माझ्याविषयी काही असायलाच हवं. ती चल म्हणाली तर तिला घेऊन येईन, मग तू मळ, ती वाचेल. नाही म्हणाली तर तिच्या दारात बसून राहीन, आणि तोवर पाव थांबेल. रविवार टळला तर टळला.

आणि रविवारी बेकरीचं पुढचं दार उघडं ठेव. कोणी बघायला आलं तर बघू दे. पंचांपैकी कोणी आला तर त्यालाही आत घे, सेक्रेटरी आले तर त्यांनाही घे. फक्त माझ्या हातातून कोणाला आधी, हे आत्ताच सांगून ठेवतो, म्हणजे तिथं वाद नको.

पहिला घास तिचा.

तुझा भाचा